मिस्सा सुटायच्या वेळी

पंधरा किलोमीटरच्या माझ्या पहिल्या शर्यतीतले पहिले पाच किलोमीटर मी शंभर मीटर असल्यासारखे पळालो. कारण सांगायला अजून लाज वाटते. आगाशीहून सुटलेली शर्यत आमच्या गावच्या चर्चवरून जाणार होती. रविवारची मिस्सा सुटून गाव पायऱ्यांवर उभा असेल, तेव्हा मला सगळ्यांच्या पुढे दिसायचं होतं.

"माझ्या मागेच राहा. बोलत बोलत पळता येईल एवढंच पळ," थोरल्या भावाने बजावलं होतं. वाडीला पाणी सोडून झालं की तो वर्षभर रोज पळायचा. यंदा त्याला पदक मिळणार, हे घरात सगळे धरून चालले होते. मी त्याला टाटा करून सटकलो.

चर्चपाशी मी खरोखरच पहिला पोचलो. पायऱ्या रिकाम्या! फादरांचं प्रवचन लांबलं होतं. पुढच्याच वळणावर पोटात कळ आली आणि मी केळीच्या वाडीचं कुंपण धरून ओकायला लागलो.

भाऊ तिसरा येत होता. तो थांबला. मी "जा, जा" म्हणालो खरा, पण त्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. मला पाणी पाजून सावलीत बसवेपर्यंत दहाजण पुढे गेले. त्याच वर्षी तो नोकरीला लागला आणि पुन्हा कधी पळाला नाही.

त्या दुपारी जेवायला वाढताना आई मला म्हणाली, "तो पडला असता ना, तर तू मागे वळूनसुद्धा बघितलं नसतंस."