हिरवं बटण

अर्लिस डिरक्स बाईंनी आयुष्यात कुणाला पळीभरसुद्धा जास्त वाढलं नाही. आमच्या ओट क्रीकच्या शाळेचं स्वयंपाकघर त्यांनी इतकी वर्षं चालवलं, की गावात आज ज्याच्या डोक्यावर केस पिकलेत तो आणि ज्याला आत्ता मिसरूड फुटलंय तो, दोघंही त्यांच्या हातचं खाऊन वाढलेत. गुरुवारी राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल. रोल मोठ्या चौकोनी ताटात एकमेकांना चिकटून भाजले जायचे. मधले लुसलुशीत, कडेचे टणक. त्यांचा मुलगा गॅरी माझ्याच वर्गात होता आणि रांगेत माझ्या पुढे असायचा. त्याला दर गुरुवारी कडेचा, तोही कोपऱ्यातला रोल. मला मधला.

"तुझी आईच आहे ना रे ती?" मी विचारायचो.

"लोकांनी म्हणायला नको ना, की आपल्या पोराला बघून वाढलं," गॅरी रोल कुरतडत म्हणायचा.

अशा बाईच्या हातात कॉलेजवाल्यांनी घड्याळ दिलं यात नवल नाही. सेंट गॅल हे आमचं छोटं कॉलेज. फुटबॉलला कुत्रं फिरकत नाही, पण कुस्तीला अख्खं आयोवा राज्य आल्यासारखी व्यायामशाळा भरते. ज्याने आमच्याकडची कुस्ती पाहिली नसेल त्याला एवढंच सांगतो. इथे नुसतं पाडून भागत नाही, पाडल्यावर दाबून धरावं लागतं. वर कोण आहे ते पंच हात उंचावून दाखवतो, हिरव्या पट्ट्याचा हात म्हणजे आमचा पोरगा आणि लाल म्हणजे पाहुणा. त्यावरून वेगळ्या घड्याळाचं हिरवं किंवा लाल बटण दाबायचं. शेवटी ज्याने दुसऱ्यापेक्षा मिनिटभर जास्त धरून ठेवलं त्याला एक गुण. एक गुण म्हणजे काय, हे ज्याची कुस्ती एका गुणाने गेली त्याला विचारा.

त्या घड्याळावर अर्लिसबाई वर्षानुवर्षं बसायच्या. गालात पेपरमिंटची गोळी, अंगावर तोच निळा स्वेटर, अंगठा बटणाच्या वर. मेजावरच्या माणसाने ओरडायचं नाही असा नियम आहे. पोरांची नावं पुकारायला माझ्याकडे माइक असल्यामुळे मला थोडी सूट आहे, आणि ती मी पुरेपूर घेतो. हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर खिळे विकणाऱ्या माणसाला ओरडायला जागा लागतेच. बाईंनी मात्र कधी हूं की चूं केलं नाही. आमची पोरं जिंकली तरी नाही, चिरडली गेली तरी नाही.

त्या वर्षी त्यांचा नातू टॅनर, म्हणजे गॅरीचा धाकटा, एकशे सत्तावन्न पौंडांच्या गटात पहिल्यांदाच कायम संघात आला. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. आधीची तीन वर्षं त्याने दुसऱ्यांच्या सरावासाठी मार खाण्यात घालवली होती. वसतिगृहाचे पैसे वाचावेत म्हणून तो आजीच्याच तळघरात राहायचा. आजी स्वयंपाकघरात ॲपल-पाय भाजत असायची, आणि हा वजनाच्या धाकाने उकडलेलं अंडं चघळत बसायचा.

नोव्हेंबरात पहिलाच घरचा सामना. पाहुण्यांचे कोच आत येतायेताच मेजाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "वा! नातू गादीवर आणि आजी घड्याळावर! आधी सांगितलं असतंत तर बस वळवूनच नेली असती की!"

सगळे हसले. मीही हसलो. बाईंच्या मानेवर मात्र लाल चट्टे उठले.

टॅनर त्या दिवशी एका गुणाने हरला. पुढच्या आठवड्यात बाहेरगावी जिंकला. मग घरी पुन्हा एका गुणाने हरला. बाहेर जिंकला. नाताळनंतरही तीच गत, बाहेर वाघ आणि घरात मांजर. आता आमच्या गावात माणसं कमी आणि तज्ज्ञ जास्त. कुणी म्हणालं, आजीचे ॲपल-पाय खाऊन जड होतो. कुणी म्हणालं, प्रेक्षकांत कुणी मुलगी बसते. आमच्या कोच रुडी पेश्कांचं निदान सोपं होतं.

"पोरगा घरच्या लोकांसमोर बुजतो," ते मला दुकानात म्हणाले. त्यांना बिजागरी हवी होती, पण बिजागरी राहिली बाजूला. "त्याच वजनाचा केसलर तयार बसलाय. आता घरचा एकच सामना उरलाय. त्यात हा हरला, तर मोठ्या स्पर्धेला केसलर जाईल. मी तरी काय करू, ड्वेन?"

ही गोष्ट बाईंच्या कानावर गेली. रविवारी चर्चबाहेर त्यांनी मला गाठलं. "ड्वेन, माझ्यामुळेच पोर बुजतं रे. मी समोर बसते म्हणून. शेवटच्या सामन्याला दुसऱ्या कुणाला बसव. मी घरी रेडिओवर ऐकेन."

माझ्या डोक्यात आदल्या आठवड्यातला घरचा सामना घोळत होता. मी बाईंच्या शेजारीच बसतो, पण माझं लक्ष गादीवर असतं. त्या दिवशी माइकची वायर सुटली म्हणून मी खाली वाकलो होतो, आणि वर बघताना नजर गेली ती थेट त्यांच्या अंगठ्यावर. पंचाचा हिरवा हात वर गेला. अंगठा तसाच. बाईंनी शेजारी बसलेल्या पाहुण्यांच्या माणसाकडे एकदा बघितलं, तुमची हरकत नाही ना, असं विचारल्यासारखं, आणि मग बटण दाबलं. थोड्या वेळाने टॅनर खाली सापडला. तेव्हा पंचाचा लाल हात पुरता वर जायच्या आतच बटण दाबलं गेलं होतं. पुढे कुस्तीभर तेच. पाहुण्यांचा माणूस चूक काढायलाच तिथे बसवलेला असतो. पण नुकसान आमचंच होत असेल तर तो कशाला तोंड उघडेल?

मी त्यांना गाडीत बसवलं, घरी सोडलं, आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात उभा राहून सांगून टाकलं. मला गोड बोलून सांगायची कला नाही.

"बाई, पोरगा बुजत नाही. तुम्ही त्याचं घड्याळ उशिरा लावताय."

त्यांनी केटली खाली ठेवली. "काय म्हणालास?"

"हिरवं उशिरा आणि लाल लवकर. मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा नाही, पुन्हापुन्हा."

"ड्वेन गेर्डेस!" शाळेत मी दूध सांडलं की त्या अशाच पूर्ण नावाने हाक मारायच्या. "मी आयुष्यात कुणाला फसवलं नाही!"

"फसवलंत. घरातल्या माणसालाच तेवढं. आधी गॅरीला, आता याला. कोपऱ्यातला रोल, बाई!"

त्या खुर्चीत बसल्या. हात मांडीवर ठेवून त्यांकडे बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मला माझ्या तोंडाचा राग आला, पण बोललेलं परत थोडंच घेता येतं. तेवढ्यात तळघराच्या जिन्यावरून टॅनर वर आला. कान सुजून फुलकोबीसारखे झालेले, हातात तेच उकडलेलं अंडं.

"टॅनर," बाई म्हणाल्या, "मी तुझं घड्याळ उशिरा लावते का रे?"

तो अंड्याकडे बघत राहिला. "माहितीय, आजी."

"माहितीय? कधीपासून?"

"दुसऱ्या सामन्यापासून. वर बसल्यावर मी मनात मोजत असतो ना. माझं मिनिट भरायचं, पण बोर्डावर भरायचंच नाही."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?" हे मी विचारलं.

"बोललो असतो तर ती घड्याळ सोडून घरी बसली असती," टॅनर म्हणाला. "मला ती तिथे हवी आहे. तिला बघितलं की बरं वाटतं. म्हणून ठरवलं होतं की आपणच जरा जास्त वेळ धरावं. पण तेवढं जमलं नाही."

बाई रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही. मग डोळे पुसून त्यांनी कोट चढवला आणि म्हणाल्या, "ड्वेन, गाडी काढ. कोचला सांगायला पाहिजे."

कोच पेश्का दारात बर्फ उपसत होते. बाईंनी सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. कोचनी फावडं बर्फात रोवलं आणि आधी एक शिवी हासडली. मग बाई समोर आहेत हे आठवून माफी मागितली.

"म्हणजे पोरगा बुजत नव्हता!" ते म्हणाले. त्यांना हसू आवरेना. "अहो, मी त्याला रात्रंदिवस मन घट्ट करायला सांगतोय!"

"माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसव, रुडी."

"कुणाला बसवू? तुमच्याइतका विश्वास समोरचे दुसऱ्या कुणावर ठेवतात? ठेवणारच म्हणा," कोच पुन्हा हसले. "बाई, बसा तुम्हीच. फक्त पंचाच्या हाताकडे बघा, शेजारच्याच्या तोंडाकडे नको. पण मागचं गेलं ते गेलं. हरलेल्या कुस्त्या काही मला जिंकल्या म्हणून सांगता यायच्या नाहीत. शनिवारी त्याला जिंकावंच लागेल, नाहीतर केसलर."

शनिवारी व्यायामशाळेत पॉपकॉर्नचा वास आणि ओल्या कोटांची वाफ. पाहुणे नेमके नोव्हेंबरातलेच, बस वळवणारे. बाईंच्या गालात त्या दिवशी गोळी नव्हती. तोंड कोरडं पडल्यावर गोळी तरी काय विरघळणार? टॅनर गादीवर आला तेव्हा मी त्याचं नाव जरा लांबवूनच पुकारलं. मग माइक बाजूला ठेवला आणि अंगठ्याकडे बघत बसलो.

पहिल्याच पकडीत टॅनरने समोरच्याला खाली घेतलं. पंचाचा हिरवा हात वर, अंगठा खाली. दोन्ही एकदमच. बाईंनी शेजारी बघितलंसुद्धा नाही. मी इतका मोठा श्वास सोडला, की पाहुण्यांच्या माणसाने माझ्याकडे वळून बघितलं.

समोरचा पोरगाही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो सुटला, त्याने टॅनरला पाडलं, टॅनर सुटला. शेवटच्या फेरीत गुण बरोबरीत होते आणि टॅनर वर होता. बोर्डावर हिरवं घड्याळ मिनिटाकडे सरकत होतं, आणि कुस्तीला त्याहून जास्त वेळ शिल्लक होता. आता काही करायची गरजच नव्हती. नुसतं चिकटून राहिलं की गुण त्याचा, कुस्ती त्याची, जागा त्याची.

"धर! नुसता धर!" कोच ओरडत होते. सगळं गाव तेच ओरडत होतं.

आणि त्या पोराने पकड सोडली. बगलेतून हात घालून तो समोरच्याला उलटवायला लागला. यात समोरचा निसटला तर मिनिट गेलं आणि कुस्तीही गेली. मी माइक बंद आहे असं समजून "मूर्खा!" म्हणालो. माइक बंद नव्हता. सगळ्या व्यायामशाळेने ते ऐकलं.

दोघं गडाबडा लोळले. क्षणभर कोण वर आणि कोण खाली ते कळेना. मग टॅनर त्याच्या छातीवर आडवा झालेला दिसला, पाय रोवून, मान ताठ करून. पंच पोटावर आडवा पडून खांद्यांखालची फट बघत होता. फट मिटली. पंचाने गादीवर थाप मारली. चीतपट!

त्यानंतर काय आवाज झाला ते मला सांगता येणार नाही, कारण त्यात माझाही होता. टॅनर उठला, पंचाने त्याचा हात वर केला, समोरच्याशी हस्तांदोलन झालं. तरी पंच मेजाकडे बघत उभाच राहिला. मग चालत आमच्यापाशी आला.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं घड्याळ चालू आहे."

मी बघितलं. बोर्डावर हिरवं घड्याळ मिनिट कधीच ओलांडून पुढे धावत होतं. अर्लिसबाई उभ्या होत्या, दोन्ही मुठी हवेत, आणि ओरडत होत्या. शब्द नव्हते, नुसतं ओरडणं होतं. बटणावर कुणाचाच अंगठा नव्हता.

"अगं बाई!" म्हणून त्या खाली बसल्या आणि त्यांनी बटण दाबलं. पाहुण्यांचे कोच हसत म्हणाले, "राहू द्या हो आजी, चीतपटीला घड्याळ कोण विचारतंय!"

संध्याकाळी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. टॅनरला मी सरळच विचारलं, "हातात आलेली कुस्ती कशाला पणाला लावलीस रे? नुसतं धरायचं होतं."

"घड्याळाच्या गुणावर जिंकलो असतो," तो म्हणाला, "तर हिने रात्रभर येरझारा घालत विचार केला असता, की आपला अंगठा लवकर तर नाही ना पडला. ते ऐकायला मी तळघरात असतो, तुम्ही नसता."

बाईंनी पाठ फिरवून ओव्हन उघडला आणि दालचिनीच्या रोलचं ताट बाहेर काढलं. सुरीने मधला, सगळ्यात फुगलेला रोल सोडवून टॅनरच्या ताटलीत ठेवला.

"आजी, पुढच्या शनिवारी वजन करायचंय."

"खा म्हणते ना."

त्याने खाल्ला. मग त्यांनी माझ्यापुढे ताटली सरकवली. तीत कोपऱ्यातला रोल होता. मीही तो खाल्ला, आणि बोटं चाटली.