डाव्या चपलेवरचा डाग

ब्रेक ऑइलचा उग्र वास आला की मला बाबांची डावी चप्पल आठवते. ओझरच्या कारखान्यात मशीनवर उभी हयात काढलेला माणूस. पण त्या दिवशी वणीहून परतताना त्यांच्या हातून गिअर सारखा करकरत होता, मागचे हॉर्न वाजवत होते. "अरे, क्लचचं पेडल खाली बसतंय," ते म्हणाले. घरी पोचल्यावर मी आईसमोरच म्हणालो, "पेडल नाही बाबा, पाय थकलेत तुमचे. चावी द्या." त्यांनी वाद न घालता चावी दिली आणि परत कधी मागितली नाही. त्यांची गाडी दारात नुसती उभी राहिली. ते गेल्यावर ती विकायला काढली, तेव्हा इंदिरानगरच्या मेकॅनिकने पेडलमागे हात घालून ओली बोटं माझ्यापुढे धरली. "क्लचचा मास्टर सिलिंडर गळतोय, साहेब. जुनं दुखणं आहे. क्लचलाही ब्रेक ऑइलच लागतं, ते थेट पायावर येतं." तासाभरात नवा बसला, पेडल घट्ट झालं. घरी येऊन मी चपलांचं कपाट उघडलं. उजवी चप्पल कोरी होती, डावीवर ऑइलचा काळपट डाग होता. गाडी मी विकली नाही, आता मीच चालवतो. चावी मात्र रोज त्यांच्याच खुंटीला अडकवतो.