शेवटचा शब्द रानासाठी ठेवणारे लाडलेमामा

लाडलेसाहेब मुलाणी, म्हणजे आम्हा सगळ्यांचे लाडलेमामा, यांची आणि माझी पहिली भेट रागारागात झाली. रागावले होते मी. मामांना रागावलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारातल्या शाळेवर मी नुकतीच शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. ज्वारीची काढणी सुरू झाली आणि माझा वर्ग ओस पडला. पोरांना धरून आणायला मी तावातावानं रानात गेले. तिथं माणसांची रांग ज्वारी उपटत पुढं सरकत होती आणि माझे विद्यार्थी त्या रांगेतच होते. कडेला डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक उंच गृहस्थ हातानं ज्वारी उपटत, तोंडानं भलरी गात होते. भलरी हे कामाचं गाणं. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची.

माझ्याकडं बघून त्यांनी ओळ टाकली, "दिस झुकला झाडाला, पात लागू दे..." आणि ते थांबले. सगळी रांगच थांबली. मी बांधावर उभी, काय करावं कळेना.

"बाई, झेला की," रांगेतली एक बाई म्हणाली. "मामा शेवटचा सबुद कधी म्हणत न्हाईत. तुमच्याकडं बघून सोडलाय, आता तुमीच म्हणायचा. तंवर काम बंद!"

"बांधाला," 'झाडाला'शी जुळणारं, पायाखालचंच जे सुचलं, ते मी कसंबसं म्हटलं. रांग हसली आणि पुन्हा कामाला लागली. आपल्या वाट्याची पात, म्हणजे उपटायचा पट्टा, पलीकडच्या बांधाला लागली की काम संपतं, एवढाच त्या ओळीचा अर्थ. मामा म्हणाले, "झालं, बाई आता आपल्यातल्याच. उद्यापास्नं पोरं साळंत." दुसऱ्या दिवशी मामा स्वतः पोरांना शाळेत हाकत घेऊन आले. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या आहे.

शेवटचा शब्द दुसऱ्यांसाठी ठेवायचा, ही मामांची रीत. त्यांची सगळी गाणी त्यांनी अशीच बांधली. थकलेल्या माणसाला शब्द झेलायचा असला की तो कान देतो, कान दिला की पाय उचलतो, असं त्यांचं म्हणणं. आज त्यांच्या चाली माढ्यापासून अक्कलकोटपर्यंत लग्नात वाजतात, स्नेहसंमेलनात नाचल्या जातात, लोकांच्या मोबाइलवर खणखणतात. निवेदक माइक हातात घेऊन ठोकून देतात, "सादर आहे पारंपरिक लोकगीत!" अशा वेळी माझं डोकं फिरतं. परंपरा काय आभाळातून पडते? ती मुलाण्यांच्या घरात चुलीपुढं बसून बांधलेली असते, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. मामा मात्र मलाच गप्प करतात. "जाऊ द्या की बाई. रान रिकामं झाल्यावर पात कुणी धरली हुती, कोन इचारतं?" त्यांचं हे म्हणणं मला पटत नाही. त्यांच्याच या गौरवग्रंथात लिहायचं असलं तरी पटत नाही.

त्यांचं नाव झालं नाही याला त्यांचा हट्टही कारण आहे. एकदा मी खूप खटपट करून सोलापुरात त्यांचं ध्वनिमुद्रण ठरवलं. मामा धुतलेला सदरा घालून आले. काचेच्या खोलीत उभे राहिले, ओळ टाकली आणि थांबले. काचेपलीकडचा माणूस हातवारे करू लागला. मामा थांबलेलेच. तो म्हणाला, "अहो, पूर्ण म्हणा ना!" मामा शांतपणे म्हणाले, "हितं कुनी झेलाय न्हाई, मग सोडू कुनासाठी?" मी म्हटलं, मी झेलते. तर म्हणाले, "तुमी उभ्या ऱ्हाऊन झेलनार. हात रिकामं तुमचं." झालं, आम्ही परत एस.टी.त बसलो. मी घुश्शात खिडकीबाहेर बघत होते. सोलापूर मागं पडलं तशी मामांनी हळूच ओळ टाकली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी अनोळखी आवाज म्हणाला, "बांधाला!" मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू त्यांचं ध्वनिमुद्रण तेवढ्यात झालं होतं.

त्यांच्या मायेबद्दल किती लिहू? माझे यजमान सोलापूरच्या दवाखान्यात होते तेव्हा मामा मामींच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन वॉर्डाबाहेर येऊन बसत. धीराचे चार शब्दसुद्धा बोलत नसत. मी जेवले की फडकं झटकून घडी घालत आणि निघून जात. त्या दिवसांत मला उभं ठेवलं ते त्यांच्या त्या गप्प बसण्यानं.

गेल्या वर्षी मामांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. घोगरी कुजबूज तेवढी उरली. आम्ही पंचाहत्तरीच्या सत्काराचा विषय काढला तेव्हा त्यांनी हात जोडले. "गळा गेला, आता फेटा कशापायी? माज्यासंगं गानं बी संपलं." असं तोंड फिरवून बसलेले मामा मी कधी पाहिले नव्हते. मला रडू आवरलं नाही.

यंदा काढणीच्या दिवसांत मी त्यांना तपासणीहून घरी आणत होते. रस्त्याकडेच्या रानात ज्वारी उपटणं चाललं होतं. मामांनी रिक्षा थांबवायला लावली आणि ते जाऊन बांधावर उभे राहिले. मीही मागोमाग गेले. रांगेत कुणी ओळखीचं नव्हतं. एक तरुण बाई गात होती. तीच चाल. "दिस झुकला झाडाला, पात लागू दे..." आणि ती थांबली. शब्द सोडायचा, ही रीत तिच्यापर्यंत पोचली होती! पण रांग दमली होती, आपापसांत बोलत होती. शब्द कुणी झेलला नाही.

माझ्या शेजारून फाटक्या, घोगऱ्या आवाजात उत्तर गेलं, "बांधाला."

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी शब्द सोडणाऱ्या मामांनी त्या दिवशी दुसऱ्याचा शब्द झेलला. बाईनं वळून पाहिलं. "आजोबा, तुमाला बी येतंय व्हय ह्ये गानं?"

मी तोंड उघडणार तोच मामांनी माझा हात दाबला. "येतंय की," ते म्हणाले, "थोडंथोडं."

रिक्षात बसल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, "सत्कार कवा ठिवलाय म्हनला?"

सत्काराला येणाऱ्या सर्वांना एक विनंती. मामांसाठी गायचं असेल तर ओळ अर्धीच टाका आणि थांबा. शेवटचा शब्द आता त्यांचा आहे. परमेश्वरानं त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य द्यावं. आमच्या मामांची पात खूप लांब असू दे, आणि बांध अजून नजरेतसुद्धा नसू दे.