रुपया सावरेपर्यंत

जगातल्या कुठल्याही देशात, कुठल्याही दुकानात कार्डाने पैसे कसे द्यावेत हे आमच्या आतोबांइतकं कोणालाच कळत नाही, आणि गेल्या वर्षापर्यंत त्यांतल्या एकाही देशात आतोबांनी पाऊल ठेवलेलं नव्हतं. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. त्यांची सगळी नोकरी विक्रोळीच्या एका कारखान्याच्या खरेदी खात्यात झाली. परदेशातून यंत्रांचे सुटे भाग मागवायचे, त्यामुळे सकाळी उठल्यावर देवाला हात जोडण्याआधी डॉलरचा दर बघायची सवय लागली, ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. आधी पेपरात बघत, आता फोनवर बघतात. मुलुंडला त्यांच्या घराची गॅलरी येऊरच्या डोंगराकडे तोंड करून आहे. संध्याकाळी तिथल्या वेताच्या खुर्चीत बसून, डोळे अर्धे मिटून ते स्वतःशीच म्हणतात, "येन उतरला आज." चेहरा असा, की जपानातल्या कुठल्याशा गल्लीत हलकेच ऊन कलताना त्यांना दिसतंय. आपण शेजारी बसलेलो असतो, पण आतोबा मुलुंडमध्ये नसतात.

परदेशी जाणाऱ्याने आधी कुलदैवताला नारळ ठेवायचा आणि मग आतोबांकडे तालमीला जायचं, असा आमच्या घराण्याचा रिवाज होऊन बसला आहे. विषय तसा साधा. परदेशात आपण कार्ड लावलं की तिथल्या यंत्राला कळतं, हे भारतातलं कार्ड. मग ते अगदी अदबीने विचारतं, पैसे इथल्या चलनात घेऊ की रुपयांत? आपण रुपया बघून विरघळतो आणि तिथेच फसतो, कारण मग दर ते यंत्रवाले ठरवतात आणि तो चढाच असतो. म्हणून नेहमी तिथलं चलन निवडायचं आणि रुपये किती होतात ते आपल्या बँकेला बघू द्यायचं. बँकही वर आपला आकार लावते, तर तो कमीत कमी लावणारं कार्ड आधीच काढून ठेवायचं. एवढंच शास्त्र. पण आतोबांचा तोंडी ज्ञानावर विश्वास नाही, ते प्रात्यक्षिक घेतात. मला ऑफिसने सिंगापूरला पाठवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी टीव्हीचा रिमोट हातात घेतला आणि ते दुकानदार झाले. मान किंचित कलती करून, गोड हसत म्हणाले, "इंडियन रुपीज, मॅडम? मोअर कन्व्हिनियंट." मला हसू आवरेना, मी यस म्हणून गेले. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि आत हाक मारली, "अगं, हिचा चहा नको टाकूस. ही बुडाली." चहा मला तिसऱ्या खेपेला मिळाला.

माझा कांदिवलीचा चुलतभाऊ लग्नानंतर बायकोला घेऊन बालीला निघाला, तेव्हा त्या दोघांनाही तालमीला यावं लागलं. भाऊ नेहमीप्रमाणे, "टेन्शन नको ना आतोबा, सगळं झकास होईल," करत होता आणि पहिल्याच फेरीत रुपये म्हणून मोकळा झाला. नवी सून मात्र पदर सावरून बसली होती ती तशीच, शांत आणि खणखणीत आवाजात, "लोकल करन्सी," म्हणाली. आतोबांनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं आणि भावाला सांगितलं, "कार्ड हिच्याकडे दे. तुझी वाट लावशील तू." आपण विमानतळाच्या वाटेवर असताना त्यांचा एक फोन ठरलेला. ॲपमध्ये कार्डाचं परदेशी वापराचं बटण चालू केलं का, आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड काढायची नाही, त्याच दिवसापासून व्याज चढतं. आईबाप सांभाळून जा म्हणतात, आतोबा हे म्हणतात, आणि मला विचाराल तर आवाजातली काळजी तीच असते. त्यांच्याच इमारतीतलं एक जोडपं पॅरिसमध्ये चांगल्या हॉटेलचं बिल रुपयांत देऊन आलं. त्यानंतर कितीतरी दिवस दोघं आतोबा लिफ्टपाशी दिसले की जिन्याने जात.

परत आलेल्याला ते काय काय पाहिलं असं कधी विचारत नाहीत. विचारतात, यंत्र आलं का समोर, कोणत्या दुकानात, तिथे काचेबाहेर काय दिसत होतं. मग कोणी सांगतं, छोटी बेकरी होती, पावाचा वास होता, बाहेर पाऊस भुरभुरत होता, म्हातारीने पिठाचे हात पुसून यंत्र पुढे केलं. आतोबा डोळे मिटून ऐकतात. मध्येच, "दाराला घंटी होती का?" असं काहीतरी विचारतात. अशी किती गावांतली किती दुकानं त्या वेताच्या खुर्चीत साठली असतील कोण जाणे. मला कधी कधी वाटायचं, प्रत्यक्ष गेले तर या माणसाचा हिरमोड होईल.

आत्याचं तसं नव्हतं. तिला जग नको होतं, एक स्वयंपाकघर हवं होतं. त्यांची एकुलती लेक, माझी आतेबहीण, नोकरीसाठी बुडापेस्टला गेली आणि तिथलीच झाली. आत्याची इच्छा एवढीच, की लेक जिथे उभी राहून पोळ्या लाटते त्या ओट्याशी आपण एकदा उभं राहावं, तिला बाजूला सारून चार पोळ्या आपण कराव्यात. लेक दर वर्षी बोलवायची. दर वर्षी आतोबा फोनवरचा दर बघून म्हणायचे, "रुपया जरा सावरू दे. मग जाऊ." आत्या बरं म्हणायची. रुपया काही सावरला नाही. पूर्वी आत्या भाजीला स्टेशनजवळच्या बाजारापर्यंत झपाझप जायची. मग ती कोपऱ्यावरच्या गाडीवरून भाजी घेऊ लागली, मग गाडीवाल्यालाच फोन करू लागली. तिचे गुडघे रोज थोडे थोडे उतरत होते आणि घरातला दर बघणारा माणूस डॉलर बघत होता. एका दुपारी आत्या लेकीला व्हिडिओवर म्हणाली, "आता राहू दे गं. मला नाही झेपायचं. तूच ये जमेल तेव्हा." आतोबा गॅलरीत होते. त्यांनी ते ऐकलं, आत येऊन पाणी प्यायले आणि त्याच संध्याकाळी तिकिटं काढली. त्या दिवशी रुपया पूर्वी कधी नव्हता इतका खाली होता.

ते परत आले तेव्हा मी मुलुंडला गेले. दार उघडलं तर आतोबा, मुलुंडच्या त्या उकाड्यात, गळ्यात जाड निळा लोकरी मफलर. "तिने घेतलाय," म्हणाले. आत्या पलंगावर पाय लांब करून बसली होती आणि तिला मफलरची हकीकत कधी एकदा सांगते असं झालं होतं. "अगं, दुकानात हे माझी काठी धरून उभे होते, म्हणून कार्ड माझ्या हातात. यंत्रावर दोन आकडे आले. वर आठ हजार, खाली दोन हजार आणि काहीतरी. मी म्हटलं, दोन हजारांत देतोय तर आठ कशाला घाला? खालचा दाबला. आणि तो दुकानदार चकार शब्द बोलला नाही. उलट थँक यू म्हणाला."

मी आतोबांकडे बघितलं. वरचे आठ हजार तिथल्या चलनातले, फोरिंट होते, खालचे दोन हजार रुपये. वस्तू एकच, किंमत एकच, फक्त खालच्या आकड्यात त्या यंत्रवाल्यांचा चढा दर घातलेला. इतक्या वर्षांची तालीम झालेली मी, माझं तोंड उघडलंच होतं. आतोबांनी आत्याच्या पाठीमागून मान अगदी हळू हलवली. मग मोठ्याने म्हणाले, "कार्ड माझ्या हातात असतं तर मी आठच देऊन आलो असतो." आत्या इतकी खूश झाली, की तिने ती हकीकत मला पहिल्यापासून पुन्हा सांगितली.

नंतर आम्ही दोघं गॅलरीत बसलो. मी विचारलं, "तुमच्या डोळ्यांसमोर दाबलं तिने?"

"बोट खाली येताना दिसत होतं मला," आतोबा म्हणाले. "हात धरता आला असता. पण ती हसत होती गं. परक्या गावात, आपल्या हाताने माझ्यासाठी काहीतरी घेत होती. म्हटलं, जाऊ दे गेले तर."

डोंगरावरचं ऊन निवत होतं. मी विचारलं, ओटा बघितला का आत्याने.

"बघितला. पहिल्याच दिवशी गेली स्वयंपाकघरात, पदर खोचून. पोळपाट घेतला, एक पोळी लाटायला घेतली, आणि ओट्याला हात टेकून म्हणाली, खुर्ची दे गं जरा. मग बाकीच्या लेकीने लाटल्या. ही खुर्चीत बसून कणकेचे गोळे करून देत होती. दोघी हसत होत्या, मजेत होत्या. मी दारात उभा होतो." त्यांनी मफलर सैल केला. "थोडं आधी नेलं असतं तर उभी राहिली असती. सगळ्या पोळ्या केल्या असत्या तिने."

तुम्ही नेलंत तरी, असं म्हणावंसं वाटलं, पण ते खोटं सांत्वन त्यांनी चटकन ओळखलं असतं. आतून आत्याचा आवाज आला, "अहो, चहा झालाय." आतोबा लगबगीने उठले. हल्ली आत्याला कप घेऊन चालत यावं लागू नये म्हणून चहा आणायला तेच आत जातात.