चौथ्या ब्राऊनवरचा म्हसोबा
मी शाळेत इतिहास शिकवत असे आणि गोल्फची काठी आयुष्यात कधी हातात धरली नव्हती. एवढ्या पात्रतेवर, सत्तरचं दशक सरता सरता, देवळाली कॅम्पच्या वाटेवरच्या एका लहानशा गोल्फ क्लबने स्मरणिकेसाठी क्लबचा इतिहास लिहायला मला बोलावलं. मैदान म्हणजे माळच. मध्ये बाभळी, कडेला कुसळी गवत, आणि भोकाभोवती हिरवळीऐवजी तेल ओतून दाबलेली वाळू. तिला सगळे ब्राऊन म्हणत. असे नऊ ब्राऊन होते. खेळणाऱ्यांपेक्षा पदाधिकारी जास्त असावेत, असा मला पहिल्याच दिवशी संशय आला.

क्लबचे सेक्रेटरी निवृत्त मेजर होते. माणूस सरळ, मिशीही सरळ. या मैदानावरचा पहिला चेंडू एका लाटसाहेबाने मारला, हे स्मरणिकेत यायलाच हवं, असं त्यांनी बजावलं. पुरावा काय, असं विचारल्यावर म्हणाले, तो शोधायलाच तर तुम्हाला बोलावलंय.

मैदान दाखवताना ते मला चौथ्या ब्राऊनपाशी घेऊन गेले. तिथे हातभर उंचीचा, शेंदूर फासलेला म्हसोबा होता. क्लबच्या स्पर्धेला लवकरच मोठे पाहुणे येणार होते आणि फोटोत हा दगड बरा दिसणार नव्हता. म्हणून त्याआधी तो कुंपणाबाहेर नेऊन ठेवायचं कमिटीने ठरवलं होतं.

जवळच एक म्हातारी गवत कापत होती. कुंपणापलीकडच्या वस्तीवरची. माळ सरकारजमा होण्याआधी इथे तिच्या सासरची बाजरी व्हायची. जमीन गेली, तरी दर आखाडात घरची माणसं इथेच येऊन म्हसोबाला कोंबड्याचा नैवेद्य दाखवत. मेजर पुढे गेलेले पाहून तिने मला थांबवलं.

“मास्तर, तुमी लिवणार हाय ना? मग लिवा, त्यो हितलाच हाय. रान गेलं, आमी काय नाय बोललो. ह्यो तरी ऱ्हाऊ द्या.”

मी म्हसोबाला मानत नव्हतो. तसा लाटसाहेबालाही नव्हतो. पण दोघांपैकी एक तरी जागेवर हजर होता.

क्लबच्या मागच्या खोलीत जुन्या कागदांची पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात वाळवीने माझ्याआधीच संशोधन केलं होतं. दोन रविवार मी तिच्यात डोकं घालून बसलो. लाटसाहेब कुठेच नव्हता. गाढवं ब्राऊनवर लोळतात, अशी एका साहेबाची तीन पानी तक्रार मात्र होती. तिसऱ्या रविवारी तळाशी इंग्रजांच्या काळातली, गुण मांडायची कार्डं एकमेकांना चिकटलेली सापडली. एक अलगद सोडवलं, उलटं केलं आणि उभाच राहिलो. मागे या मैदानापुरते नियम छापले होते. त्यांत लिहिलं होतं की शेंदरी दगडापासून एका काठीच्या अंतरात चेंडू थांबला, तर खेळाडूने तो उचलून बाजूला ठेवावा, त्याचा दंड नाही. दगड मात्र हलवू नये. मी ते तीनदा वाचलं. वीस वर्षं मुलांना सनावळ्या पाठ करायला लावल्या, पण इतिहास असा हाताला लागला तो आयुष्यात पहिल्यांदाच. ट्रंक तशीच उघडी टाकली आणि मेजरांच्या बंगल्याकडे सायकल हाणली. वाटेत चढ आहे, हे मला परत येताना कळलं.

मेजरांनी चष्मा लावून कार्ड वाचलं, उलटंसुलटं केलं.

“हा नियम रद्द केल्याचा कागद सापडला?”

“नाही.”

“मग तो चालू आहे,” ते म्हणाले. “दगडाला कोणी हात लावायचा नाही.”

कमिटीच्या ठरावाचं काय, असं मी विचारलं. नियमापुढे कमिटी नाही, असं उत्तर आलं. नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभा हवी, आणि तिचा कोरम त्यांच्या कारकिर्दीत एकदाही भरला नव्हता. हल्ला परतवून लावल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. म्हसोबाची त्यांना काही पडली नव्हती; छापील अक्षराची होती.

मी तसाच वस्तीवर गेलो. म्हातारी भांडी घासत होती. माझा श्वास अजून जागेवर आला नव्हता. तिने मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं झालं. आता त्या मिशीवाल्या सायबाला सांगा, निवदाच्या दिशी चेंडू मारू नका म्हनावं. कोंबडं लय बुजतं.”

मी निरोप पोचवला. नवा नियम करायलाही सभा लागते, असं मेजर म्हणाले आणि विषय संपला.

स्पर्धा झाली. पाहुण्यांचा फोटो स्मरणिकेत छापला गेला. त्यात मागचा म्हसोबा स्पष्ट आला आणि पाहुणे थोडे हलले. पुढच्या आखाडात एका मंगळवारी मी तिकडून जात होतो. फाटकावर मेजरांच्या सहीची पाटी होती: देखभालीसाठी मैदान आज बंद. आत, चौथ्या ब्राऊनच्या बाजूला, चुलीचा धूर निघत होता.