ओटीचे तांदूळ

रेशन दुकानातल्या मशीनला तोंडावर शिवी देणारी बाई ठाण्याजवळच्या अख्ख्या दिवा गावात एकच होती, ती म्हणजे विमलाबाई. वय बासष्ट, माहेर-सासर दोन्ही खेडकडचं, आणि गेली अकरा वर्षं ठाण्यात बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये चार घरच्या पोळ्या. त्यांचा स्वतःचा अंगठा मशीनवर बिनबोभाट लागायचा. त्यांचं भांडण होतं ते शेजारच्या तुळसाच्या अंगठ्यासाठी.

तुळसा त्याच कॉम्प्लेक्समध्ये भांडी घासायची. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, पदरात दोन मुली. साबण आणि काथ्याने तिच्या बोटांवरच्या रेघा पार झिजल्या होत्या. काचेवर अंगठा ठेवला की मशीन लाल दिवा दाखवायचं आणि दुकानदार म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात या." असे तीन महिने गेले. रेशन कार्यालयात गेलं की साहेब म्हणायचे, वरून दुरुस्त होईल. वरून म्हणजे कुठून, ते कुणी सांगेना. राबून राबून जिच्या रेघा गेल्या, तिलाच रेघा नाहीत म्हणून धान्य नाही, हे ऐकून विमलाबाईंच्या डोक्यात तिडीक जायची. चाळीत विचारत गेल्या तर अशी अकरा घरं निघाली.

"तू काय सरकार आहेस का?" त्यांचे यजमान महिपतराव म्हणाले. ते रिटायर झाल्यापासून घरातल्या खुर्चीवरून देश चालवत.

"नाहीये, म्हणून तर करावं लागतंय," विमलाबाई म्हणाल्या.

नवरात्र तोंडावर आलं होतं. चाळीच्या मंडळात देवी बसायची आणि बायका तिची ओटी भरायच्या. पाच मुठी तांदूळ, नारळ, खण. खण-नारळाची सोय लागायची, तांदूळ मात्र ड्रममध्ये पडून राहायचे आणि शेवटी त्यांना टोके लागायचे. विमलाबाईंनी मंडळाच्या अध्यक्षाला, भगवानला, गाठलं. या वर्षी ओटीत पाच मुठींऐवजी किलोभर तांदूळ घालायला सांगायचं आणि ते या अकरा घरांना द्यायचे. बाळकुमला ज्या घरी त्या पोळ्या करायच्या तिथल्या संचितालाही त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकायला लावला. लोक देतात हो, मागणारं माणूस पाहिजे. सहा दिवसांत दोन ड्रम भरले. कोलम, बासमती, आंबेमोहर, इडलीचा जाडा, सगळं एकात एक, वर हळदीकुंकू सांडून केशरी झालेलं.

एका गोष्टीवर मात्र विमलाबाई अडून बसल्या. "हे बघ भगवान, 'गरजूंना मदत' असलं काही बोलायचं नाही. मान खाली जाते लोकांची. आईच्या ओटीचा प्रसाद म्हणायचं. प्रसाद घ्यायला कुणाला लाज नसते."

"एकदम बरोबर काकी," भगवान म्हणाला.

अष्टमीला, रविवारी सकाळी वाटप ठेवलं. पाहुणे यायचे म्हणून नऊचे अकरा वाजले. मग हार, मग फोटो, मग पाहुण्यांनी पिशवीला हात लावलेला आणखी एक फोटो. विमलाबाईंचे नऊ दिवसांचे उपास. नुसत्या पाण्यावर आठवा दिवस, त्यामुळे राग नाकाच्या शेंड्यावर होता. शेवटी भगवानने माइक घेतला. "आता आईच्या ओटीचा प्रसाद! सुवासिनींनी पुढे यायचंय!"

सात पिशव्या गेल्या. चार उरल्या. यादीत पहिलं नाव तुळसाचं, तिचा पत्ता नाही.

"काकी, चौघी आल्याच नाहीत. गरज नसेल," भगवान म्हणाला. "पुजाऱ्याला देऊन टाकू?"

"हात लावून बघ," विमलाबाई म्हणाल्या, आणि चारही पिशव्या दोन हातांत घेऊन तरातरा निघाल्या. हिच्यासाठी एवढी मरमर करायची आणि या बाईला चार पावलं येववत नाहीत! तुळसाच्या दारात त्या पोचल्या तेव्हा तोंडात शब्द तयार होते.

आत दोन्ही मुली चहात बिस्कीट बुडवून खात होत्या. तुळसाने पिशवीत पाहिलं. केशरी दाणे दिसताच तिने हात मागे घेतला.

"ताई, हे ओटीचं आहे. मला कसं चालेल? माझी ओटी आता कोण भरतंय? देवीचं चुकीचं काही केलं आणि पोरींना काही झालं तर?"

उरलेल्या चार पिशव्या कुणाच्या, ते त्यांना आत्ता कळलं. चारही घरांत नवरा नव्हता. मान राखायला म्हणून त्यांनीच 'ओटी' शब्द धरून ठेवला, आणि ज्यांच्यासाठी हे सुरू केलं त्यांच्याच तोंडावर दार लावलं. मशीन तरी अडाणी होतं. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं करत त्या घरोघरी फिरल्या होत्या, आणि हेच दार गाळून पुढे गेल्या होत्या. तेव्हा मनात काही आलंसुद्धा नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की उंबऱ्यावरच बसल्या.

मग विमलाबाईंनी चपला काढल्या, आत येऊन भिंतीला टेकून मांडी घातली.

"तुळसा, पातेलं चढव. मला भूक लागलीय."

"अहो ताई, तुमचे उपास! उद्याचा एक दिवस तर राहिलाय."

"चाळीस वर्षं केले. एक दिवस कमी झाला तर देवी काय मला मशीनसारखी परत पाठवणारे? आणि पाठवलं तर माझ्या नावावर. ओटीचे तांदूळ मी सुवासीण म्हणून घेतलेत, माझे झाले. आता मी तुझ्याकडे जेवायला आलेय. आलेल्या बाईला उपाशी घालवणार का तू?"

तुळसा रडायला लागली. धाकटीने पातेलं काढलं.

भात काही धड झाला नाही. बासमतीचा गाळ झाला आणि जाडा दाताखाली करकरत राहिला. विमलाबाईंनी मीठ घालून पहिला घास खाल्ला, मग मुलींच्या ताटात वाढला, मग तुळसाच्या. ती जेवेपर्यंत त्या उठल्या नाहीत. उद्या सोमवार. तेच दुकान, तोच लाल दिवा, तेच पुढच्या आठवड्यात या. ते काही या भाताने सुटणार नव्हतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी हात धुतला. अजून तीन पिशव्या दाराशी होत्या. त्या उचलून विमलाबाई पुढच्या घरी जेवायला निघाल्या.