शंभरातले चौऱ्याऐंशी दाणे

अक्काला चोर मी ठरवलं. साहेबांनी नाही, कॉम्प्युटरनं तर नाहीच — मी. हे घरात बोललो नाही, दोस्तांत बोललो नाही. आज तुम्हाला सांगतोय तेसुद्धा दातओठ खात, कारण स्वतःचाच भयंकर राग येतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावातल्या एका बियाणं कंपनीत होतो. देवपूरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेलो, म्हणून ऑफिसातला एकुलता एक कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. काय तोरा होता माझा! चपला काढल्याशिवाय साहेबांनाही त्या खोलीत घेत नव्हतो.

अक्का आमच्या कंपनीत बियाण्याची उगवण तपासायची. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे, मोड आले की मोजायचे. एकदा साक्रीकडून तिच्या सख्ख्या भावाची बाजरी आली. आमच्याकडे शंभरात ऐंशी उगवतात, असा धरून चाललेला अंदाज. अक्कानं मोजले चौऱ्याऐंशी. साहेबांच्या पोटात दुखलं. बहिणीनं भावाचं भलं केलं, म्हणाले, आणि माझ्याकडे वळले — बघ रे, असं होऊ शकतं का?

होऊ शकतं का! शेंबडं पोरही म्हणालं असतं, होतं की. पण मला हुशारी दाखवायची खाज. स्प्रेडशीटमध्ये शक्यता काढणारं बायनॉमडिस्ट फंक्शन उघडलं. चौऱ्याऐंशी, शंभर, शून्य पूर्णांक आठ, आणि शेवटच्या जागी — फॉल्स, म्हणजे नेमके चौऱ्याऐंशीच उगवण्याची शक्यता. कॉलेजात हातानं गणितं करताना 'नेमके इतके' हेच काढायचो ना, ती सवय. पडद्यावर आलं, शंभरात सहा. झालं! साहेबांना तेवढंच हवं होतं.

अक्का एवढंच म्हणाली, "भाऊ, परत शंभर दाना टाक ना गोणपाटमा. समजी जाई."

आठवड्याचंच तर काम होतं हो! पण कुणी टाकले नाहीत. मीही नाही. बाजरी परत गेली, अक्काला पोती शिवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी सहज ऐंशी भरून पाहिलं — अगदी साहेबांच्या मनातला आकडा. शंभरात जेमतेम दहा! म्हणजे माझ्या मापानं तोही लबाडच? तेव्हा लख्ख कळलं. विचारायचं होतं 'चौऱ्याऐंशी किंवा जास्त'. ट्रू लिहून त्र्याऐंशीपर्यंतची बेरीज काढली, एकातून वजा केली. शंभरात एकोणीस. अरे, ही तर रोजची गोष्ट! आणि मी भेकडानं काय केलं? फाइल बंद केली. कॉम्प्युटरवाला चुकला म्हटल्यावर माझी किंमत काय राहिली असती?

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, भाऊ न्यायला येतो. अक्काचा भाऊ आला नाही. निरोप आला — लबाडी करून गावात माझं नाक कापलंस, येऊ नकोस.

अक्का माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. "भाऊ, तू शिकेल शे. मन्हा भाऊले एकदाव सांग ना, मी चोरी नही करी."

खरं काय ते मला ठाऊक होतं. एकोणीसचा आकडा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तरी म्हणालो, "अक्का, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

ती "बरं भाऊ" म्हणाली आणि पोती शिवायला गेली.